तलवारीच्या शाळेत पखालजी कुठे आहे?

गेल्या जुलैपासून दर शनिवारी रात्री आमच्या सोप्यावर एक राज्य वसते आणि बाराच्या सुमारास उठते. भाचा फर्मागुढीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याबरोबर चौघे येतात: पेडण्याचा एक, डिचोलीची एक, मडगावची एक आणि एक केरळचा, जो आता आमच्याकडचे खतखते मागून घेतो. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचे फासे, चहाचा थर्मास आणि मिरची भजी. डिचोलीची मुलगी गोष्ट सांगते, म्हणजे राज्य तिचे. बाकीचे त्या राज्यातली माणसे होतात. कोणी धनुर्धर, कोणी वैद्य, कोणी अर्धा राक्षस. काय करायचे ते बोलून ठरते, जमले की फसले ते फासा सांगतो. पैसे नाहीत, पडदा नाही, मोबाइलसुद्धा पालथे घातलेले. पहिल्या शनिवारी मी बायकोला हळूच म्हणालो, ही पोरे नाटकाची तालीम करताहेत. फोंडा तालुक्यातल्या माणसाला दुसरे काय सुचणार!

ऑगस्टमध्ये भाचा म्हणाला, "मामा, आमच्या राज्याला मिलिटरी अकादमी हवी. तू एनसीसीत होतास ना? जरा बघून दी."

होतो खरा. ३१ वर्षे गणित शिकवले, त्यातली २२ वर्षे खाकी घालून. शाळेतला एनसीसी शिक्षक थर्ड ऑफिसर म्हणून सुरुवात करतो. या मुलांच्या भाषेत लेव्हल वन. त्यासाठी १९८९ च्या उन्हाळ्यात नागपूरजवळच्या कामठीला प्रशिक्षणाला गेलो होतो. फोंड्याच्या माणसाने कामठीचा मे महिना बघितला की त्याला पुढे आयुष्यभर कशाचीच तक्रार करता येत नाही. त्यामुळे लष्करी शाळा म्हणजे काय हे आपल्याला कळते, असा माझा समज आहे, आणि त्या समजापोटीच हा लेख.

अकादमीचा नकाशा सुरेख काढला होता. डोंगरमाथ्यावर किल्ला, सात बुरूज, प्रत्येक बुरुजात एक विद्या. तलवारीचा बुरूज, धनुष्याचा, घोडेस्वारीचा, अग्निमंत्राचा, वगैरे. ३०० विद्यार्थी, ८० घोडे, मधोमध शपथेचा चबुतरा. प्रवेशासाठी तीन परीक्षा, तिन्ही धैर्याच्या. मी चष्मा लावून दोन वेळा पाहिला आणि विचारले, "विहीर कुठे आहे?"

सोप्यावर शांतता. मग केरळचा म्हणाला, पाणी मंत्राने येईल.

"किती?"

मास्तरकीचा हा एक शब्द मी आयुष्यभर वापरला. किती? मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. माणशी दिवसाला ४० लिटर धरले तरी ३०० मुलांना १२,००० लिटर. घोड्याला ३० लिटर, म्हणजे आणखी २,४००. अर्धा किलो तांदळाने दिवसाला दीड क्विंटल, महिन्याला ४५. डोंगरमाथ्यावर हे कोण चढवणार? लाकूडफाटा कोण आणणार? घोड्यांची लीद कोण काढणार? ३०० मुलांचे संडास कुठे? या शेवटच्या प्रश्नावर मुली हसल्या. मी हसलो नाही, कारण त्या प्रश्नाने माझी एकदा लाज काढलेली आहे.

१९९४ च्या आसपासची गोष्ट. एका शिबिरात संडासाचे चर खणायची जागा निवडायचे काम माझ्याकडे आले. सावली बघून मी जागा निवडली, उतार बघितला नाही. विहीर खालच्या अंगाला होती. मध्येच एक जोरदार सर आली आणि चौथ्या दिवशी सकाळच्या फॉल-इनला ओळीत मोठमोठी भगदाडे होती. २६ पोरे आडवी. आमचे उस्ताद, म्हणजे पलटणीतून शिकवायला आलेले हवालदार, मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मला विहिरीपाशी नेले, हातातला मग्गा जमिनीवर उपडा केला आणि पाणी कुठे जाते ते मला बघायला लावले. बंदूक चालवायला मला चौघांनी शिकवले. त्यांची नावे मी विसरलोही. हा मग्गा विसरलो नाही.

कल्पनेतल्या लष्करी शाळांबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते. त्यांच्यात तलवार शिकवतात, पाणी शिकवत नाहीत. मुलांना मी हे सांगितले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, पाण्यावर कोण गोष्ट लिहितो?" मी कपाटातून सभासदाची बखर काढली. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना तिथे दिलेली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. (गुणाकार करा; हजारीकडे १,२५० भरतात. मराठी दप्तरातला हजार जरा सढळ हाताचा होता.) आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा, हे दोघे रचनेत पहिल्या पायरीलाच मोजले आहेत. हवालदाराइतकीच त्यांचीही गरज, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. मुलांच्या ८० घोड्यांना तीन पखालजी आणि तीन नालबंद तरी हवेत. नकाशात एकही नव्हता.

त्या काळी आपल्याकडे लष्करी विद्यालय नव्हते. पोर गावच्या तालमीत घुमायचे, थोरल्या भावाबरोबर मोहिमेला जायचे, चार पावसाळे टिकले की शिपाई. मग शिक्षण कुठे होते? माझ्या मते ते पत्रांत होते. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी धाडलेले पत्र शाळेत आपण सगळ्यांनी ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही’ या अंगाने ऐकलेले असते. ते पूर्ण वाचून बघा. अख्खे पत्र दाणा, वैरण आणि दिव्याबद्दल आहे. आत्ताच सगळा दाणा संपवाल तर पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. राज्याचा धनी बसून उंदराचा विचार करतो आहे! शौर्याचा एक शब्द नाही. मी एनसीसी अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात हे पत्र पहिल्या दिवशी ठेवले असते.

आणि फोंड्याचा किल्ला. १६७५ मध्ये महाराजांनी तो घेतला तेव्हा सुरुंग लावले, आणि तटावर चढायला ५०० शिड्या तयार करवल्या. जे चढतील त्यांच्यासाठी अर्ध्या अर्ध्या शेराची ५०० सोन्याची कडी. या मुलांना कडी लगेच पटली, कारण त्यांच्या खेळात बक्षीस असतेच. मी शिड्यांपाशी अडलो. ५०० शिड्या म्हणजे किती बांबू, किती सुंभ, किती सुतार, किती दिवस? पेडण्याचा पोरगा, ज्याचे वडील बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये घडून लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन आले, तो म्हणाला, बाबा कधीच लढाईबद्दल बोलत नाहीत, लंगरबद्दल बोलतात. सियाचीनला कुकर किती शिट्ट्यांत होतो ते सांगतात. त्या दिवसापासून त्याच्या धनुर्धराने धनुष्य ठेवले आणि तो अकादमीचा लंगर कमांडर झाला.

इथे मला खुद्द गोव्याच्या एका शाळेबद्दल बोलायचे आहे. ती आपण जवळपास विसरलो आहोत. पणजीत १८१७ मध्ये, काउंट ऑफ रिओ पार्दो व्हाइसरॉय असताना, लष्करी अकादमी निघाली. १८४१ मध्ये तिची गणिती आणि लष्करी शाळा झाली. नावातला क्रम पाहा, गणित आधी! अंकगणित, भूमिती, नकाशे काढणे, तटबंदी. म्हणायला तिथून अधिकारी निघायचे. पण साम्राज्य तोवर थकले होते, लढाया फारशा उरल्या नव्हत्या, आणि तिथे शिकलेल्या माणसांचा उपयोग रस्ते, पूल, इमारती आणि जमिनीची मोजणी यांसाठी होत राहिला. तलवारीसाठी काढलेल्या शाळेतून मोजणीदार निघाले. मला गणिताचा मास्तर म्हणून याचा छुपा अभिमान वाटतो. माझा भाचा फर्मागुढीला जे सर्व्हेइंग शिकतो, तेच दोनशे वर्षांपूर्वी पणजीत खांद्यावर बिल्ला लावून शिकवत होते.

ती शाळा कशी बंद पडली ते जास्त महत्त्वाचे आहे, आणि तो धागा आमच्याच तालुक्यात येतो. १८७०-७१ मध्ये वळवई आणि माशेल इथे गोव्याच्या फौजेत बंडाळी झाली. वळवई फोंड्याची, माशेल फोंड्याचे. आज आपण तिथे देवदर्शनाला आणि चिखलकाल्याला जातो. लिस्बनने उपाय साधा केला: १८७१ मध्ये ती फौजच बरखास्त केली. फौज गेली तशी शाळाही गेली. हुकूम मानणारी माणसे घडवायला काढलेली संस्था, हुकूम न मानल्यामुळे बंद. खेळ लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगले कथानक आयते कुठे मिळणार?

२४ वर्षांनी पुन्हा तेच. १८९५ च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांच्या नोकरीतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला आणि सत्तरीची वाट धरली. नाणूसच्या किल्ल्यात बसले, तिथले दादा राणे त्यांच्याबरोबर उभे राहिले. प्रकरण इतके चिघळले की पोर्तुगालच्या राजाला आपला सख्खा भाऊ दों आफोन्सो फौजेसह गोव्याला धाडावा लागला. मी हे सोप्यावर सांगत होतो तेव्हा डिचोलीची मुलगी लिहायची थांबली. तिचे आजोबा शिगम्यात घोडेमोडणीत नाचायचे. कमरेला लाकडी घोडा, हातात नंगी तलवार, पुढे ढोल-ताशे. तिने ती लहानपणापासून पाहिली, ती विजयाची आठवण आहे असेही ऐकले. पण शिपाई ‘जाणार नाही’ म्हणू शकतो, हा भाग नाचात नसतो. पुढच्या शनिवारी तिने राज्यात हुकूम काढला: अकादमीची पहिली तुकडी समुद्रापार जाईल, तिथल्या लोकांचे बंड मोडायला. आणि पेन्सिल खाली ठेवून चौघांकडे पाहत बसली.

दीड तास वाद झाला. मी आत जाऊन झोपलो, परत उठून आलो तरी चालूच. शपथ घेतली आहे, जायला हवे. शपथ राज्य राखायची घेतली होती, दुसऱ्याचे घेण्याची नाही. पगार कोणाचा खातो? आमच्या घरच्यांना कोण बघणार? हा शेवटचा प्रश्न लंगर कमांडरचा. राज्यशास्त्राच्या तासाला यातले एक वाक्य मी कधी ऐकले नाही, आणि मी बावीस वर्षे पोरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली आहे.

एक अन्याय मात्र दुरुस्त करतो. मी सरसकट म्हणालो की कल्पनेतल्या शाळांना हे सुचत नाही. भाच्याने मला मग संगणकावरचे खेळ दाखवले, आणि मला थोडे मागे यावे लागले. निन्टेन्डोचा ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ नावाचा २०१९ चा जपानी खेळ आहे. मठात भरणारी अधिकारी अकादमी, तीन गट, तीन वेगवेगळ्या देशांची मुले. शिक्षक आपण. त्यात मुलांबरोबर जेवावे लागते, स्वयंपाक करावा लागतो, बागेत रोपे लावावी लागतात, मासेही धरता येतात. आणि युद्ध पेटते, मग पाच वर्षांनी ज्यांच्याबरोबर जेवलो ते रणांगणात समोर उभे असतात. १९९९ च्या ‘फायनल फँटसी एट’मधल्या लष्करी विद्यालयातून उत्तीर्ण झालेल्यांना दर्जाप्रमाणे पगार मिळतो आणि कामात हयगय झाली तर दर्जा उतरतो. ‘ट्रेल्स ऑफ कोल्ड स्टील’मधल्या अकादमीत सरदारांच्या मुलांना पांढरा गणवेश, सामान्यांना हिरवा. म्हणजे जपान्यांनी भटारखाना, पगार आणि जात, तिन्ही दाखवले. आमच्या पोरांनी त्यातले बुरूज तेवढे उचलले! दोष खेळाचा कमी, उचलणाऱ्याचा जास्त. सिनेमाचेही आपण तेच करतो.

समोर उभ्या राहिलेल्या सोबत्यांची गोष्ट कोणाला अतिरंजित वाटेल. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. पहिल्या तुकडीत हे तिघेही होते: सॅम माणेकशा, मुहम्मद मूसा आणि स्मिथ डन. पुढे एक भारताचा लष्करप्रमुख झाला, दुसरा पाकिस्तानचा, तिसरा ब्रह्मदेशाचा. १९६५ च्या युद्धात मूसा पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख होते, आणि माणेकशा आपल्या पूर्व विभागाचे. एकाच भोजनगृहातले. भाच्याने हे ऐकून नुसते ‘ओह’ म्हटले आणि वहीत लिहून घेतले. मी कुठल्याही वर्गात एवढे लक्ष वेधू शकलो नव्हतो.

आता या खेळालाच ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. शेजारी एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते कुंपणापाशी मला म्हणाले, इंजिनिअरिंगची पोरे भुतांचे खेळ खेळतात आणि तू त्यांना भजी घालतोस. त्यांना मी सांगितले ते इथेही सांगतो. हा खेळ लष्करी शाळेच्या पोटातूनच निघालेला आहे. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थाने राजाला टेबलावर मांडलेले रणांगण दाखवले. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, तो तोफखान्यात लेफ्टनंट होता, खरा नकाशा, फासे आणि मध्ये बसणारा पंच असा नियमांचा संच केला. सेनाप्रमुख म्युफलिंग यांना तो इतका आवडला की तो सैन्यात शिकवायला घेतला. दोन्ही बाजू आपापल्या हालचाली पंचाला सांगणार. धुके, दमणूक, हरवलेला निरोप यांचा हिशेब पंच करणार. पुढे अमेरिकी नौदलाच्या न्यूपोर्टच्या युद्ध महाविद्यालयाने १८८७ मध्ये असे खेळ अभ्यासात घेतले. हौशी लोकांनी ते घरी आणले. १९६९ मध्ये डेव्हिड वेसली नावाच्या एका हौशी खेळाडूने प्रत्येकाला पलटणीऐवजी एकेक माणूस वाटून दिला. आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. प्रशियाचा पंच म्हणजे आज माझ्या सोप्यावर बसलेली डिचोलीची मुलगी. मुख्याध्यापक म्हणाले, असेल. पण पुढच्या शनिवारी त्यांनी भज्यांचा वास आल्यावर खिडकी लावली नाही.

गोव्यात तर हे परके वाटायला नको. वेरेला, मांडवीच्या काठावर, १९८६ ते २००९ नौदलाची अकादमी होती. मग ती केरळात एळिमलाला गेली. वेरेला २०११ पासून नौदलाचे युद्ध महाविद्यालय आहे, जे आधी मुंबईजवळ करंजाला होते. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ‘चोल’ या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. पणजीहून बेतीची फेरी घेणारे शेकडो लोक रोज त्याच्या जवळून जातात. तिथे येतात ते भरती व्हायला आलेले नाहीत. वर्षानुवर्षे नोकरी केलेले, केस पिकायला लागलेले अधिकारी पुन्हा बाकावर बसून शिकतात. कल्पनेतल्या अकादमीत मला असा विद्यार्थी दिसलेला नाही. तिथे सगळे सतरा वर्षांचे.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत, आणि त्यांच्याशी मला जास्त भांडायचे आहे. पालक-शिक्षक सभेत हमखास कोणीतरी उठतो आणि म्हणतो, सगळ्या मुलांना सक्तीने मिलिटरी ट्रेनिंग द्या, म्हणजे शिस्त लागेल. मला एनसीसीचा म्हणून त्यांच्या बाजूला धरतात. मी नाही. रगडा देऊन पोराला सरळ उभे करता येते, एवढेच. मग्गा कुठे उपडा करायचा, ते रगड्याने येत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांत जे पुढे उत्तम निघाले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बूट कधी चकाकले नाहीत. एक तर परेडला कायम डावा-उजवा चुकवायचा. तोच शिबिरातल्या रेशनची वही चोख ठेवायचा, आणि आज धारबांदोड्याकडे पाणीपुरवठ्यात आहे. शिस्त ही चाळणी आहे असे मानणाऱ्या सभांना अशी मुले दिसत नाहीत; आणि नकाशातल्या त्या तीन धैर्याच्या परीक्षांनाही ती दिसली नसती. त्या दोघांचे लष्कराबद्दलचे चित्र एकच आहे: ताठ मान, चकचकीत तलवार, मागे ढग.

माझ्या आईच्या डोक्यातले चित्र वेगळे होते. डिसेंबर १९६१ मध्ये ती २२ वर्षांची, मी कडेवर. मुक्तीच्या वेळी तिने काय पाहिले असे विचारले की ती बोरीच्या पुलाबद्दल सांगायची. पोर्तुगीजांनी जाता जाता पूल उडवला. फोंड्यात पोचलेल्या भारतीय फौजेला जुवारी ओलांडायला वाट शोधावी लागली. शेवटचा टप्पा काही जवान छातीभर पाण्यातून चालत राय गावाच्या बाजूला लागले. आईचे म्हणणे एवढेच की इतकी मोठी फौज, आणि पुलाशिवाय अडली. गावातले म्हातारे म्हणत होते, भरती-ओहोटी आम्हांला विचारा. मी गोष्ट म्हणून हे सोप्यावर सांगितले तेव्हा मडगावच्या मुलीने, ती सिव्हिलची आहे, आपल्या पात्राचे नाव खोडले. ती अग्निमंत्राची पंडिता होती. आता ती अकादमीत पूल शिकवते, आणि अकादमीचा आठवा बुरूज, म्हणजे खरे तर एक शेड, नदीकाठी उतरला आहे. तिथे होडीवाल्यांना पगारी शिक्षक म्हणून नेमले आहे. ही कल्पना तिची. मी फक्त पगार विचारला होता.

शेवटी फासा पडला तो शनिवार सांगतो. मला त्यांनी उस्ताद केले होते, म्हातारा, एक डोळा गेलेला. तुकडीने जायचे नाही असे ठरवले होते. अकादमीच्या दारात राजाची माणसे. मी हवालदारांच्या आवाजात ‘तुकडी, विश्राम’ असा हुकूम सोडला. तो मानतात की नाही, यासाठी लंगर कमांडरने वीस बाजूंचा फासा टाकला. तीन आले. डिचोलीची मुलगी म्हणाली, कोणी हलत नाही. फक्त पखालजी पुढे येतो आणि राजाच्या माणसांच्या घोड्यांना पाणी पाजतो. तो पखालजी तिने केव्हा नेमला, मला ठाऊक नव्हते. नकाशात पाहिले. विहिरीपाशी, उताराच्या वरच्या अंगाला, तीन ठिपके होते.

मुले आता जुन्या फौजेचा शिधा आणि पगार शोधताहेत. पुस्तकांतून लढाया मिळतात, हे मिळत नाही. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इथल्या कित्येक घरांतून आजोबा-पणजोबा पोर्तुगीजांच्या फौजेत, मराठा पलटणीत, नाहीतर मुंबईच्या गोदीत गेले. कोणाच्या माळ्यावर त्यांचे सुटीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, पेन्शनचे पुस्तक, रेशनचा हिशेब असेल तर भाद्रपदातल्या साफसफाईत टाकू नका. घरातल्या पोराला जवळ बसवून एकदा वाचून दाखवा, आणि त्यात तांदूळ किती होता तेही सांगा.